कर्बरॉस: प्रायमरीवर बदललेला पासवर्ड रेप्लिकांना कळतच नाही

रात्रपाळी · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एका मध्यम आकाराच्या नेटवर्कचं लॉगिन एमआयटी कर्बरॉसवर (पासवर्ड तपासून तिकिटं देणारी यंत्रणा) चालतं आणि ते सांभाळायचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. एक प्रायमरी केडीसी (तिकिटं देणारा मुख्य सर्व्हर) आणि तिच्या डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या तीन रेप्लिका आहेत. डेटाबेस साधा डीबी२, म्हणजे फाइलमधला आहे, मागे एलडॅप (डिरेक्टरी सर्व्हर) वगैरे काही नाही. प्रायमरीवर दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) एक स्क्रिप्ट चालते. ती केडीबी५_युटिलने डंप (अख्ख्या डेटाबेसची फाइल) काढते आणि केप्रॉपने तो एकेका रेप्लिकेकडे ढकलते.

त्रास असा आहे की कोणी पासवर्ड बदलला की काही मशीनवर नवा पासवर्ड लगेच चालतो, काहींवर 'पासवर्ड चुकीचा' येतं. चुकीचा येतो तिथे जुना टाकला तर खुशाल आत घेतं! तासाभरात सगळं जुळायला हवं ना? दोन दिवस झाले तरी तेच. स्क्रिप्टचा लॉग बघावा म्हटलं तर आधीच्या माणसाने सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात सोडलेलं.

बघायला सुरुवात कुठून करू? आणि या निमित्ताने इन्क्रिमेंटलवर (फक्त झालेले बदल पाठवण्यावर) जावं की असलेलंच दुरुस्त करावं?

तिकीटबाबू · सोमवार, रात्री ११:१५

इन्क्रिमेंटलचा विचार आत्ता बाजूला ठेवा. आधी कोणती रेप्लिका किती मागे आहे ते बघा. त्यासाठी लॉग लागत नाही. प्रत्येक रेप्लिकेवर जाऊन केअॅडमिन-लोकल चालवा आणि ज्याने पासवर्ड बदललाय त्याचं गेटप्रिंक (खात्याची माहिती दाखवणारी आज्ञा) बघा. ते त्या मशीनवरचा डेटाबेस वाचतं, प्रायमरीला विचारत नाही. 'शेवटचा पासवर्ड बदल' ही तारीख आणि केव्हीएनओ, म्हणजे कीचा आवृत्ती क्रमांक, या दोन ओळी चारही ठिकाणी ताडून बघा. फक्त वाचा हं. रेप्लिकेवर काही बदललंत तर पुढची पूर्ण प्रत आली की ते पुसलं जाईल.

काही मशीनवर नवा पासवर्ड का चालतो त्याचा अंदाज सांगतो. रेप्लिकेने पासवर्ड नाकारला की एमआयटीची क्लायंट लायब्ररी हार मानण्याआधी एकदा प्रायमरीला विचारून बघते, पण प्रायमरी कोण हे तिला माहीत असेल तरच. केआरबी५-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रायमरी_केडीसी ही ओळ हवी, जुन्या आवृत्त्यांत हिचंच नाव मास्टर_केडीसी होतं. किंवा डीएनएसमध्ये कर्बरॉस-मास्टरची एसआरव्ही (सेवेचा सर्व्हर सांगणारी) नोंद हवी. तुमच्या काही मशीनवर ही ओळ असणार, काहींवर नसणार.

आता जिथे नवा पासवर्ड 'नीट' चालतोय अशा मशीनवर जुना टाकून बघा. मागे पडलेल्या रेप्लिकेशी गाठ पडली तर तोही चालेल. म्हणजे एका माणसाचे दोन पासवर्ड, आणि तक्रार मात्र कोणाचीच नाही.

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी १२:०५

तिकीटबाबू, तंतोतंत. प्रायमरी आणि रेप्लिका १ वर केव्हीएनओ ७, रेप्लिका २ आणि ३ वर ५. जुना पासवर्डही चालला, हे बघून पोटात गोळा आला. कंपनी सोडून गेलेल्या एका माणसाचं खातं प्रायमरीवर बंद केलेलं होतं, ते २ आणि ३ वर अजून चालू दिसलं.

स्क्रिप्टही उघडून बघितली. आधी डंप, मग ओळीने १, २, ३. कुठेही चूक झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. हाताने चालवली तेव्हा रेप्लिका २ ला पाठवताना की-टेबलमधला कीचा आवृत्ती क्रमांक जुळत नाही अशी तक्रार आली आणि खेळ खल्लास. ३ ची पाळीच येत नाही.

रेप्लिका २ ची ऑपरेटिंग सिस्टिम मध्यंतरी नव्याने टाकली होती. तेव्हा प्रायमरीवरून केटीअॅड करून तिच्या होस्ट प्रिन्सिपलचा (कर्बरॉसमधल्या मशीनच्या खात्याचा) कीटॅब, म्हणजे तीच की-टेबल फाइल, नवा बनवला होता. आज परत एकदा बनवून बघितला. तरी तीच चूक. नवा कोरा कीटॅब, मग आवृत्ती जुळत नाही म्हणजे काय?

शेवंती · मंगळवार, दुपारी १:३०

रात्रपाळी, प्रायमरीच्या स्वतःच्या केआरबी५-कॉन्फमध्ये केडीसींची यादी कोणत्या क्रमाने आहे? पहिलं नाव कोणाचं?

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी १:४२

रेप्लिका ३, मग २, मग १, शेवटी प्रायमरी. प्रायमरीवर बोजा कमी पडावा म्हणून सगळीकडे हीच फाइल वाटली आहे असं वर टिपणात लिहिलंय.

शेवंती · मंगळवार, दुपारी २:२०

मग सापडला चोर.

केप्रॉप ही स्वतः एक कर्बरॉस क्लायंट आहे. रेप्लिका २ कडे डंप पाठवण्याआधी तिला 'होस्ट/रेप्लिका२' या सेवेचं तिकीट काढावं लागतं. ते ती कुठल्याही केडीसीकडून काढते, प्रायमरीवर चालतेय म्हणून प्रायमरीकडूनच काढेल असं नाही. तुमच्या यादीत पहिली आहे रेप्लिका ३. तिच्या शिळ्या डेटाबेसात रेप्लिका २ ची जुनी की आहे, आणि तिकीट तिच्याच आधारे बनतं. रेप्लिका २ वरच्या केप्रॉपडीकडे (डंप स्वीकारणारा प्रोग्रॅम) फक्त नवा कीटॅब, त्यामुळे तिला ते तिकीट उलगडत नाही. ती नकार देते, स्क्रिप्ट थांबते, ३ ला नवा डंप मिळत नाही, म्हणून ३ शिळीच राहते. पुढच्या तासाला परत तेच. तुम्ही कीटॅब जितक्यांदा नवा कराल तितका प्रायमरीचा आकडा पुढे जाईल आणि ३ तिथेच.

प्रायमरीची पर्यायी मदत इथे कामाला येत नाही, कारण केडीसीने काही नाकारलेलंच नाही. रेप्लिका ३ ने तिकीट आनंदाने दिलंय. ते निरुपयोगी आहे हे पुढे केप्रॉपडीच्या दारात कळतं.

उपाय सोपा आहे. प्रायमरीवरच्या केआरबी५-कॉन्फमध्ये केडीसी म्हणून फक्त प्रायमरी ठेवा. ही फाइल सगळीकडे एकच असायला हवी असा नियम कुठेही नाही. मग हाताने एकदा केप्रॉप तिन्हीकडे चालवा. आणि स्क्रिप्टमध्ये एक रेप्लिका पडली तरी पुढच्या दोघींकडे जाईल असं करा, चूक मात्र शेवटी ओरडून सांगू दे.

जाता जाता: जिथे जुना कीटॅब न पुसता केटीअॅड करता, तिथे नवी की जुनीच्या शेजारी जमा होते आणि जुनी तिकिटंही उलगडत राहतात. फाइल उडवून नवी बनवली की हा दिलासा जातो. हे बाकीच्या सेवांनाही लागू आहे. वेब सर्व्हरचा कीटॅब बदलला आणि रेप्लिका मागे असल्या तर तिथेही अगदी हीच तक्रार येते, आणि लोक वेब सर्व्हरची कॉन्फिगरेशन उसवत बसतात.

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी ३:१०

चाललं! प्रायमरीवरची यादी बदलली, तिन्हीकडे प्रत गेली, केव्हीएनओ सगळीकडे ७. शेवंतीताई, दंडवत.

जुना_पापी · मंगळवार, रात्री ९:००

छान उलगडा. आता इन्क्रिमेंटलचं. माझं मत विचाराल तर जाऊ नका. क्रॉन तासाऐवजी पाच मिनिटांवर आणा आणि विसरा. पूर्ण डंप ही मठ्ठ गोष्ट आहे, आणि तिचा भरवसा त्या मठ्ठपणातच आहे. मागे काय झालं, कोण कुठवर पोचलं होतं, कशाशी तिला घेणंदेणं नसतं. दर खेपेला अख्खा डेटाबेस पाठवते आणि रेप्लिका तोच ठेवते. इन्क्रिमेंटलमध्ये प्रत्येक रेप्लिकेची वेगळी अवस्था सांभाळावी लागते आणि बिघाड नेमका तिथेच लपतो.

तिकीटबाबू · मंगळवार, रात्री ९:४५

पापी, डेटाबेस लहान आहे तोवर कबूल. पण प्रिन्सिपल लाखात गेले की डंप काढायलाच वेळ लागतो, आणि एका माणसाने पासवर्ड बदलला म्हणून अख्खा ढीग तीन ठिकाणी वाहायचा हे काही पटत नाही. एमआयटीने १.७ आवृत्तीत, २००९ साली, इन्क्रिमेंटल आणलं ते याचसाठी.

रात्रपाळींसाठी थोडक्यात कामकाज सांगतो. हे चालू केलं की प्रायमरीवर डेटाबेस बदलणारा प्रत्येक प्रोग्रॅम तो बदल एका अपडेट लॉगमध्येही लिहितो. प्रत्येक बदलाला अनुक्रमांक. हा लॉग गोल फिरणारा असतो, जागा भरली की सगळ्यात जुनी नोंद पुसली जाते. दर थोड्या वेळाने रेप्लिकेवरची केप्रॉपडी प्रायमरीच्या केअॅडमिनडीला (डेटाबेसमधले बदल सांभाळणारा प्रोग्रॅम) विचारते, 'माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंत आहे, पुढचं दे.' मूळ सेटिंग दोन मिनिटांचं. म्हणजे दिशा उलटी झाली. आधी प्रायमरी ढकलत होती, आता रेप्लिका ओढते. रेप्लिकेने सांगितलेला क्रमांक लॉगमधून कधीच पुसला गेला असेल, तर मात्र प्रायमरी 'तुला पूर्ण प्रत लागेल' म्हणते आणि जुन्याच केप्रॉपच्या वाटेने अख्खा डंप पाठवते.

लागतं ते असं. केडीसी-कॉन्फमध्ये आयप्रॉप_एनेबल खरं करायचं, आयप्रॉप_पोर्ट स्वतः ठरवून द्यायचा. प्रायमरी आणि प्रत्येक रेप्लिका यांच्यासाठी 'कायप्रॉप/मशीनचं-पूर्ण-नाव' असा प्रिन्सिपल बनवून त्याची की त्या त्या मशीनच्या कीटॅबमध्ये. प्रायमरीच्या केएडीएम५-एसीएलमध्ये (कोणाला काय करता येईल त्याची यादी) रेप्लिकांच्या कायप्रॉप प्रिन्सिपलना 'पी' हा अधिकार. होस्ट प्रिन्सिपल आणि रेप्लिकेवरची केप्रॉपडी-एसीएल आहे तशीच राहू द्या. पूर्ण प्रतीला ती लागतेच, लोक नेमकं हेच विसरतात.

निवांत_नोड · बुधवार, सकाळी ८:२०

एवढ्या भानगडी कशाला? डेटाबेस एलडॅपमध्ये ठेवा, प्रत्येक केडीसीच्या शेजारी एक ओपनएलडॅप, आणि रेप्लिकेशनचं ओझं सिंकरेपलवर (ओपनएलडॅपची प्रती जुळवायची सोय) टाका. रिफ्रेश-अँड-पर्सिस्ट मोडमध्ये जोडणी उघडीच राहते, बदल झाला की लगेच पोचतो, दोन मिनिटं वाट बघणं नाही. मागे कोण आहे ते बघायला दोन्हीकडचा कॉन्टेक्स्ट-सीएसएन (शेवटच्या बदलाची खूण) ताडायचा, एका क्वेरीचं काम.

जुना_पापी · बुधवार, सकाळी ८:५५

भानगड जाते कुठे? पत्ता बदलते. सीएसएनमध्ये वेळ असते, म्हणजे घड्याळं बिघडली की तिथेही गोंधळ. एलडॅपला बाइंड करायचा पासवर्ड प्रत्येक केडीसीवर वेगळा जपायचा. शिवाय आता ज्या एलडॅपमध्ये टेलिफोन यादी आहे त्यातच सगळ्यांच्या की. प्रवेशाच्या नियमांची एक ओळ ढिली सुटली की संपलं. आधीपासून एलडॅप नीट सांभाळणारा माणूस घरात असेल तर करा. फक्त रेप्लिकेशनसाठी नको.

निवांत_नोड · बुधवार, सकाळी ९:१०

की मास्टर कीखाली एन्क्रिप्ट केलेल्या असतात, उघड्या नसतात. पण मुद्दा मान्य, मीही त्या एलडॅपला फोनची यादी जोडणार नाही.

हिमकण · बुधवार, सकाळी ११:३०

मी मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या बाजूचा. तुमचं वाचून एक तुलना सुचली. आमच्याकडे कुठल्याही डोमेन कंट्रोलरवर (तुमच्या केडीसीसारखा सर्व्हर) लिहिता येतं, पण पासवर्डच्या बाबतीत तिथेही एकाला मान दिलाय. कुठेही पासवर्ड बदलला की तो पीडीसी एम्युलेटर या मानाच्या कंट्रोलरला ताबडतोब कळवला जातो. दुसऱ्या कंट्रोलरला पासवर्ड चुकीचा वाटला तर नाकारण्याआधी तो पीडीसीला विचारून घेतो. तिकीटबाबूंनी सांगितलेली प्रायमरीची पर्यायी मदत तीच, फक्त इथे क्लायंटऐवजी सर्व्हर विचारतो. म्हणून मशीनमागे मशीन कॉन्फिगर करावं लागत नाही.

बाकी रेप्लिकेशनची गती साइटवर (एका जागेतल्या नेटवर्कवर) ठरते. एका साइटच्या आत बदलानंतर १५ सेकंदांनी पहिल्या जोडीदाराला निरोप जातो. दोन साइटांमध्ये मूळ सेटिंग १८० मिनिटांचं, १५ च्या खाली नेता येत नाही. तिथले लोकही खातं बंद करून तीन तास वाट बघतात आणि मग विचारतात, हा अजून आत कसा. खातं लॉक होण्याला मात्र तातडीची रांग आहे.

घारू · बुधवार, दुपारी १२:१५

हिमकण यांनी लॉकचं काढलंच आहे तर विचारतो. आमच्याकडे एमआयटीच आहे, पॉलिसीत पाच चुकांनंतर लॉक. चाचणी घेतली तेव्हा पाचपेक्षा कितीतरी जास्त वेळा चुकीचा पासवर्ड देता आला. रेप्लिकेशन बिघडलंय का?

तिकीटबाबू · बुधवार, दुपारी १२:५०

बिघडलेलं नाही, हे असंच आहे. चुकांची मोजणी, शेवटचं यशस्वी लॉगिन, शेवटचं फसलेलं लॉगिन या गोष्टी केप्रॉपनेही जात नाहीत आणि इन्क्रिमेंटलनेही नाहीत. प्रत्येक केडीसी आपापली मोजणी ठेवते. एक प्रायमरी आणि तीन रेप्लिका असतील तर हल्लेखोराला सगळीकडे मिळून २० प्रयत्न मिळतात. तेवढं गृहीत धरूनच पॉलिसीत आकडा टाकायचा.

कारण सरळ आहे. दर लॉगिनला एक लिखाण, आणि तेही सगळीकडे पाठवायचं म्हटलं तर रेप्लिका ठेवून वाचवलेला बोजा परत अंगावर येईल. फ्रीआयपीए या तयार प्रणालीत सगळे सर्व्हर एकमेकांकडे लिहू शकतात, तरी तिथेही फसलेल्या लॉगिनची मोजणी मूळ सेटिंगमध्ये रेप्लिकेशनमधून वगळलेलीच असते. अॅक्टिव्ह डिरेक्टरीतही चुकीच्या पासवर्डांची मोजणी ज्याची त्याच्याकडे.

अॅडमिनने प्रायमरीवर मॉडप्रिंकने अनलॉक केलं तर ते मात्र पुढच्या रेप्लिकेशनबरोबर सगळीकडे पोचतं. म्हणजे कुलूप लागतं एकेका दारापुरतं, आणि किल्ली सगळीकडे चालते.

रात्रपाळी · शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

अपडेट. पापींचं ऐकलं नाही, इन्क्रिमेंटल चालू केलं. पहिली पूर्ण प्रत तिन्हीकडे व्यवस्थित गेली, मग पासवर्ड बदलून बघितला, दोन मिनिटांच्या आत सगळीकडे. खूश होतो.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, ठरल्याप्रमाणे रेप्लिका ३ दुसऱ्या इमारतीतल्या नेटवर्कमध्ये हलवली, मध्ये नॅट (आतले पत्ते बदलून लपवणारी सोय) आहे. हलवल्यावरही बदल पोचत होते, तपासलं होतं. दोन, आज दुपारी पासवर्डच्या किमान लांबीची पॉलिसी बदलली. त्यानंतर १ आणि २ ठीक आहेत, ३ जागच्या जागी थिजली आहे. केप्रॉपडी चालू दिसते, लॉगमध्ये पूर्ण प्रत मागितल्याची नोंद आहे, पुढे शांतता. तीन तास झाले.

जुना_पापी · शुक्रवार, संध्याकाळी ६:४१

मी काही बोलत नाही.

शेवंती · शुक्रवार, संध्याकाळी ७:१५

पापी, बोललात की! :)

रात्रपाळी, दोन वेगळ्या मर्यादा एकमेकींवर आदळल्या आहेत. दोन्ही एमआयटीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

पहिली: इन्क्रिमेंटलच्या वाटेने पॉलिसीतले बदल जातच नाहीत. ती वाट फक्त प्रिन्सिपलची. प्रायमरीवर कुठलीही पॉलिसी बदलली की सगळ्या रेप्लिकांना पूर्ण प्रत घ्यावी लागते. तुम्ही लांबीचा एक आकडा बदललात आणि तिघींनी अख्खा डेटाबेस मागितला.

दुसरी: पूर्ण प्रत मागणं आणि ती येणं या दोन उलट दिशेच्या जोडण्या आहेत. रेप्लिका प्रायमरीच्या आयप्रॉप पोर्टवर जाऊन मागते. ही बाहेर जाणारी जोडणी, नॅट तिला अडवत नाही, म्हणून हलवल्यावरही तुमचे बदल पोचत होते. पण प्रत द्यायची वेळ आली की केअॅडमिनडी प्रायमरीवर डंप काढून केप्रॉप चालवते, आणि ती केप्रॉप रेप्लिकेच्या ७५४ पोर्टवर नवी जोडणी उघडायला जाते. तिथे नॅट आडवा. रेप्लिकेकडची प्रक्रिया प्रत येईल म्हणून वाट बघत बसते, आणि केप्रॉप फसली तर कधीकधी अडकूनच राहते, हाताने रीस्टार्ट करावी लागते.

७५४ फॉरवर्ड करून बघायचा मोह होईल, त्यात पडू नका. दोन्ही बाजूंनी टीसीपी जोडणी उघडता यायला हवी आणि मध्ये नॅट नको, असंच त्यांनी सांगितलंय. दोन इमारतींमध्ये व्हीपीएन असेल तर रेप्लिका ३ ला त्यातला पत्ता द्या, प्रायमरीला तो थेट दिसू दे, नावाचा डीएनएसही त्यावरच वळवा. मग केप्रॉपडी रीस्टार्ट.

रात्रपाळी · शुक्रवार, रात्री ९:५०

व्हीपीएनचा पत्ता दिला, रीस्टार्ट केली, प्रत आली. पण मला खटकतंय ते वेगळंच. तीन तास एक केडीसी मेल्यासारखी होती आणि कुठलाही अलार्म वाजला नाही. केडीसी चालू, पोर्ट ८८ उघडा, केप्रॉपडी चालू, मॉनिटरिंग हिरवंगार.

तिकीटबाबू · शनिवार, सकाळी १०:००

प्रोसेस जिवंत आहे का हे मोजून रेप्लिकेशन कळत नाही. रेप्लिकेकडचा माल किती ताजा आहे ते मोजा.

स्वस्त उपाय म्हणजे अपडेट लॉग दाखवणाऱ्या केप्रॉपलॉगचं एच ऑप्शन. प्रायमरीवर ते लॉगमधला पहिला आणि शेवटचा अनुक्रमांक आणि वेळ दाखवतं, रेप्लिकेवर शेवटचा घेतलेला बदल. दोन्हीतला फरक मॉनिटरिंगला द्या. फरक असणं गुन्हा नाही, पण काही मिनिटं झाली तरी तो मिटत नसेल तर अलार्म.

ज्यावर माझा जास्त विश्वास आहे तो उपाय असा. एक चाचणी प्रिन्सिपल बनवा, त्याला कुठलाही अधिकार नको. प्रायमरीवर ठरावीक वेळाने त्याचा पासवर्ड बदला. मग थोडं थांबून एकेका रेप्लिकेकडून नव्या पासवर्डने केइनिट (तिकीट मागणारी आज्ञा) करा, आणि जुन्याने करून तो फसतो का तेही बघा. दुसरा भाग गाळू नका, मंगळवारचा तुमचा प्रकार त्यातच पकडला गेला असता.

मात्र ही चाचणी नेहमीच्या केआरबी५-कॉन्फने कराल तर ती खोटं बोलेल. रेप्लिकेने नाकारलं की लायब्ररी गुपचूप प्रायमरीला विचारणार आणि निकाल हिरवा येणार. प्रत्येक रेप्लिकेसाठी वेगळी फाइल बनवा, त्यात केडीसी एकच, प्रायमरी_केडीसी नाही, डीएनएसमधून केडीसी शोधणं बंद. केआरबी५_कॉन्फिग या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलने ती फाइल द्या.

घारू · शनिवार, दुपारी ४:२०

प्रायमरीच गेली तर? आमच्याकडे व्हर्च्युअल मशीन आहे, रोज रात्री स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत). तो परत लावला की झालं, असं आमचे वरिष्ठ म्हणतात.

जुना_पापी · शनिवार, दुपारी ५:०५

त्यांना हे वाचायला द्या. रात्रीचा स्नॅपशॉट लावलात, प्रायमरीचा शेवटचा अनुक्रमांक समजा ४०० वर आला. रेप्लिका दिवसभरात ४६० पर्यंत पोचलेल्या. त्या येऊन म्हणतात, माझ्याकडे ४६० पर्यंत आहे. प्रायमरी म्हणते, हा क्रमांक मला माहीतच नाही, पूर्ण प्रत घे. आणि दिवसभरात बदललेले सगळे पासवर्ड, बंद केलेली खाती, नवे कीटॅब, रेप्लिकांवर सुखरूप असलेले, जुन्या प्रतीखाली गाडले जातात. सगळ्यात ताजा डेटा रेप्लिकांकडे होता आणि तो आपल्या हाताने पुसला. क्रॉनवाल्या पद्धतीत तर विचारपूसही नाही, सरळ ढकलाढकली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

योग्य वाट म्हणजे सगळ्यात ताज्या रेप्लिकेला बढती द्या. तिच्यावर केअॅडमिनडी चालू करा, केएडीएम५-एसीएल आधीपासून तिथे ठेवलेली असू द्या, ती डेटाबेसबरोबर येत नाही. बाकीच्या रेप्लिकांच्या केप्रॉपडी-एसीएलमध्ये नव्या प्रायमरीचं होस्ट प्रिन्सिपल आधीच लिहून ठेवा. प्रायमरीचं नाव डीएनएसमध्ये सीनेम (टोपणनाव) म्हणून दिलं असेल तर तो वळवला की काम झालं. जुनी प्रायमरी परत उठली तर तिच्यावर केअॅडमिनडी आणि क्रॉन दोन्ही बंद आहेत याची खात्री करूनच तिला नेटवर्कमध्ये घ्या.

आणि डंप पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक अडसर घाला. नव्या डंपातले प्रिन्सिपल आधीच्यापेक्षा लक्षणीय कमी असतील तर पाठवू नको, माणसाला उठव.

हिमकण · शनिवार, संध्याकाळी ६:००

स्नॅपशॉटची ही गोष्ट आमच्याकडे यूएसएन (बदलाचा अनुक्रमांक) रोलबॅक म्हणून कुप्रसिद्ध आहे. तिथे उलटं होतं. परत लावलेला कंट्रोलर जुनेच क्रमांक पुन्हा वापरतो, बाकीच्यांना वाटतं हे आपण घेतलंय, आणि त्याचे नवे बदल कोणी घेतच नाही. विंडोज सर्व्हर २०१२ पासून हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दिलेला जनरेशन-आयडी बघून कंट्रोलरला कळतं की आपल्याला मागे नेलंय. त्याआधी ते वेळेवर कळेलच याची खात्री नव्हती.

शेवंती · शनिवार, रात्री ८:३०

बढतीच्या यादीत स्टॅश फाइल राहिली. डंपमधल्या की मास्टर कीखाली एन्क्रिप्ट केलेल्या असतात आणि मास्टर की उघडायची किल्ली डंपमध्ये नसते. ती स्टॅश फाइलमध्ये असते, आणि ती एकदा हाताने, सुरक्षित वाटेने रेप्लिकेवर न्यावी लागते. ती नसेल तर प्रत छान येते, केप्रॉप यश सांगते, आणि केडीसी सुरूच होत नाही.

मास्टर की बदलताना तर क्रम पाळाच. प्रायमरीवर नवी की जोडा, पण लगेच वापरात आणू नका, आधी रेप्लिकांपर्यंत पोचू द्या. मग प्रत्येक रेप्लिकेवर लिस्ट_एमकीजने ती दिसतेय का बघा आणि तिथेच स्टॅश चालवून फाइल ताजी करा. सगळीकडे हे झाल्यावरच प्रायमरीवर नवी की वापरात आणा, सगळ्या प्रिन्सिपलच्या की तिच्याखाली पुन्हा एन्क्रिप्ट करा, आणि मगच जुनी पुसा. केआरबीटीजीटीची (लॉगिनची तिकिटं ज्या खात्याच्या कीने बनतात त्याची) की बदलतानाही रेप्लिका ताज्या आहेत ना हे आधी तपासा, आणि कीपओल्ड (जुनी कीही ठेवणारा पर्याय) विसरू नका. तरीही प्रायमरीने नव्या कीने दिलेलं तिकीट ती की न पोचलेल्या रेप्लिकेला उलगडणार नाही, म्हणून हे काम गर्दीच्या वेळी नको.

रात्रपाळी · रविवार, सकाळी ११:२०

चाचणी प्रिन्सिपल लावला, स्टॅश तपासली, रेप्लिका १ ला बढतीसाठी तयार ठेवली. शेवटचा प्रश्न. पुढच्या महिन्यात एका नव्या विभागाची साधारण चार हजार खाती एका रात्रीत तयार करायची आहेत. काही काळजी?

तिकीटबाबू · रविवार, दुपारी १२:१०

अपडेट लॉगची मूळ लांबी १००० नोंदींची आहे. दोन मिनिटांच्या दोन विचारण्यांमध्ये त्याहून जास्त बदल झाले की मधल्या नोंदी पुसल्या जातात आणि तिन्ही रेप्लिका एकाच वेळी पूर्ण प्रत मागतात. त्या आल्या की स्क्रिप्टने आणखी हजार खाती बनवलेली असतात आणि पुन्हा तेच. एक खातं बनवताना एकापेक्षा जास्त नोंदी पडू शकतात हेही धरा.

आयप्रॉप_यूलॉगसाइझ वाढवा, दहा हजार ठेवा, डिस्कला काही जड नाही. हा बदल आधीच करून केअॅडमिनडी रीस्टार्ट करा, त्या रात्री नको. नव्या विभागासाठी वेगळी पॉलिसी लागणार असेल तर तीही आदल्या दिवशीच बनवा म्हणजे तिची पूर्ण प्रत तेव्हाच होऊन जाईल. आणि खाती बनवणारी स्क्रिप्ट दर दोनशे खात्यांमागे थोडी थांबू द्या.

जुना_पापी · रविवार, दुपारी १२:३०

किंवा त्या रात्रीपुरतं इन्क्रिमेंटल बंद ठेवा, खाती बनवा, आणि सकाळी एक पूर्ण डंप पाठवा.

रात्रपाळी · रविवार, दुपारी १:०५

पापी, तुम्ही काही सुधारणार नाही. लॉग दहा हजारांवर नेतोय, पॉलिसी आदल्या दिवशी. पूर्ण डंपाची स्क्रिप्टही क्रॉनमधून काढली आहे, पण पुसलेली नाही.